तेल कुठलं, एवढंच तिनं विचारलं

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुनेचा पुण्याहून फोन आला. फोन एरवी रविवारी येतो आणि मुलगाच बोलतो, म्हणून मी घाबरूनच उचलला.

"आई, तुम्ही तेल कुठलं वापरता?"

"सरकीचं."

"तेच वाटलं मला. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय. आता सरकी सगळी बीटी कापसाची असते म्हणे, बियाण्यातच बदल केलेली. लहान मुलांना देऊ नये म्हणतात. तर आता चटणी पाठवू नका, हं."

मी "बरं" म्हणाले.

खरं तर शेंगाचटणीत तेल घालतच नाहीत. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात घालायचं आणि दाण्याचंच तेल सुटेपर्यंत कुटायचं. चटणीला तकाकी येते ती त्याची. सुनेला ते वरून ओतलेलं वाटलं असणार. मला हे बोलता बोलताच कळलं होतं. पण तिनं तेल कुठलं एवढंच विचारलं, आणि मी विचारलं तेवढंच सांगितलं. माझं पहिल्यापासून असंच आहे. परत फोन लावून सांगावं, तर सासू वाद घालते असं वाटायचं.

मी भाकरी केंद्रात कडक भाकऱ्या करते. तिथं बायका दिवसभर बोलतात, मी थापत असते. संध्याकाळी घरी आलं की एक खोली आणि मी. महिन्याच्या पहिल्या रविवारी चटणी कुटायची, डबा फडक्यात बांधायचा आणि पुण्याला जाणारं कुणी ओळखीचं शोधायचं, हे एवढंच माझं मुलाच्या घरी जाणं होतं. नातीला मी तीनदाच पाहिलंय. डबा पोचला की वाटायचं, आज तिच्या ताटात मी आहे.

ते बंद झालं आणि दुसराच घोर लागला. पूर्वी आमच्याकडे करडईचं तेल असायचं. मुलगा शाळेत होता तेव्हा मी सरकीवर आले, ती आजपर्यंत. म्हणजे मुलाला मी काय खाऊ घातलं? कुणाला विचारायचं?

पुढच्याच महिन्यात गल्लीतून रिक्षा ओरडत गेली, बदललेल्या बियाण्याचं अन्न सुरक्षित की धोक्याचं, या विषयावर जाहीर चर्चा, सर्वांनी यावे. मी साडी बदलून गेले. सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. शेजारी एक जाडशी बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते, त्यामुळे मला धीर आला. मी लिहिलं, "सरकीच्या तेलातलं नातीला दिलं तर चालेल का?" अक्षर वाकडं आलं.

अध्यक्षांनी ती चिठ्ठी सगळ्यांत आधी वाचली. आधी कृषी शास्त्रज्ञ बोलले. म्हणाले, चालेल. आपल्याकडे असा कापूसच तेवढा पेरायची परवानगी आहे, आणि शुद्ध केलेल्या तेलात त्या बदलाचं जवळपास काही उरत नाही. जगभर लोक असं खातात.

दुसऱ्या बाजूच्या बाई लगेच म्हणाल्या, "जवळपास म्हणजे किती? पुढच्या पिढीचं कुणी तपासलंय? पाकिटावर लिहा ना. ज्याला खायचं तो खाईल, ज्याला नको तो ठेवून देईल. लपवता कशाला?"

टाळ्या वाजल्या. मागून एक शेतकरी उठला. "ओ साहेब, ओ बाई, आमी सरकी पेंड म्हशीला घालतो. त्या म्हशीचं दूध तुमी दोघंबी च्यात घालून पिता की! आता भांडून काय उपेग?"

सगळे हसले. त्या दोघांनाही हसू आलं. मग ते परत भांडू लागले आणि माझी चिठ्ठी मागे पडली. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न कुणाचा होता? आजी असतील तर उभ्या राहा, चहा तरी देऊ."

मी खाली बघत बसले. शेजारची बाई म्हणाली, "कोण असंल गं म्हातारी? लई जीव दिसतोय नातीवर."

"असंल कोणीतरी," मी म्हणाले.

घरी आले आणि चप्पलही न काढता सुनेला फोन लावला. स्वतःहून लावलेला पहिलाच. एका दमात सांगितलं, की चटणीत तेल नसतंच, ते दाण्याचं असतं, आणि शेंगांचं बियाणं तसलं नाही, तिथले साहेब म्हणाले, फक्त कापूस.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई, रागावणार नाही ना? व्हिडिओ खरंच आला होता. पण... तिला तिखट चालतच नाही. आणि ह्यांनी तर कधीच सोडलीय. जळजळतं त्यांना. डबे तसेच फ्रिजमध्ये पडायचे, मग मी कामवाल्या मावशींना द्यायचे. तुम्ही इतकं कुटून पाठवायचात, कसं सांगणार?"

"अगं, सांगायचं की. मी काय खाणार होते तुला?"

ती हसली. मीही हसले.

मावशींना चटणी आवडायची, असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, वाया गेली नाही. ते मी मनापासूनच म्हटलं. चटणी वर्षानुवर्षं कुणीतरी भाकरीशी खात होतं, मला ठाऊक नव्हतं एवढंच. पण मुलाचं जळजळणं मला नवीन होतं. माझ्याकडे होता तोवर हिरव्या मिरच्या तोंडी लावून जेवायचा तो. दर रविवारी बोलतो, बरा आहे म्हणतो.

"डॉक्टरला दाखवलं का त्याला?"

"हो, गोळी चालू आहे. रोज सकाळी घेतात. आता सवयच झालीय."

कधीपासून, ते मी विचारलं नाही.