अष्टमीला मी देवी झाले होते

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, मुलांना नाही, देवासच्या टेकरीवरच्या देवीला तर नाहीच — तिला कुठल्या तोंडानं सांगणार? तिचंच तर नाव मी चोरलं होतं. तुम्ही समोर बसला आहात, ओळखीचे वाटता, म्हणून आज बोलते आहे.

पण आधी मी कशी होते ते ऐका. धारची लेक, देवासची सून. वय एकोणीस, नाकाच्या शेंड्यावर राग आणि डोक्यात नुसता भुसा. अंगात गुण म्हणाल तर एकच — नक्कल. सासूबाईंची चाल, किराणावाल्या भियाचं — आमच्याकडे भैयाला भियाच म्हणतात — गुळगुळीत बोलणं, सगळं हुबेहूब. ती पोरगी आज समोर आली तर कान धरून उभी करीन — आणि मग म्हणेन, बाई, भियाची नक्कल एकदा करून दाखव गं!

आमच्याकडे नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मी मांडतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, नव्या सुनांची पूजा, आणि संध्याकाळी बायका घागरी फुंकतात. धुपावर धरलेली घागर तोंडाशी न्यायची, फुंकत घुमायचं. एखादीच्या अंगात देवी येते. मग बायका तिची ओटी भरतात, मनातलं विचारतात. घरातली मुलं हिंदीत भांडायला लागली तरी आमच्या घागरी काही सुटल्या नाहीत.

त्या वर्षी माझी नणंद, शालूवन्सं, कानाशी लागली, "वहिनी, सगळ्यांची नक्कल करता — देवीची करा, तर मानलं!"

केली. केस सोडले, डोळे फिरवले, घागर घेऊन असा धुमाकूळ घातला की सासूबाई हात जोडून उभ्या! घोगऱ्या आवाजात मी त्यांची जांभळी महेश्वरी साडी मागितली. लगेच कपाट उघडलं. सुनांना उद्या चुलीपाशी पाठवू नका, असंही ठणकावलं. शालूवन्सं पदर तोंडात कोंबून कोपऱ्यात थरथरत होत्या; बायकांना वाटलं, यांच्याही अंगात येतंय.

इथंच थांबले असते तर — तर हा नुसता वात्रटपणा झाला असता, नाही का?

पण ताईआत्या पुढे आल्या. यजमानांची आत्या, विधवा, आमच्याच मागच्या खोलीत राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच तापानं गेला — आणि तेव्हा त्या बदनावरला, एका लग्नात. पोराच्या अंगात कणकण होती. उतरेल म्हणून शेजारणीपाशी ठेवून गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा घरासमोर माणसं उभी. तेव्हापासून ताईआत्या एकवेळ जेवायच्या, चटईवर निजायच्या. टेकरीला सगळ्यांबरोबर यायच्या, पण पायथ्याशी चपला राखत बसायच्या. वर तोंड दाखवायला मला जागा नाही, म्हणायच्या.

ओटी भरायचा मान त्यांना नव्हता. त्यांनी नुसतं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या पायांवर.

"आई, माझं लेकरू कुठंय? मला त्याच्याजवळ जागा मिळेल का गं?"

मला दया आली, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! नाही आली. पायांत गोळे आले होते, ओटीतले नारळ जड झाले होते, शालूवन्संकडे नजर गेली असती तर हसू फुटलं असतं. म्हातारी लवकर टळावी — एवढंच मनात. तोंडाला येईल ते बोलले, "लेकरू माझ्या मांडीवर आहे. तुझी जागा राखली आहे. घाई करू नकोस."

दुसऱ्या दिवशी ताईआत्या टेकरी चढल्या. थांबत थांबत, पण अगदी वरपर्यंत. खाली आल्या त्या चेहऱ्यावर ऊन घेऊनच. रात्री पहिल्यांदाच पंगतीला बसल्या, आणि मी त्यांना वाढत होते — ती महेश्वरी नेसून. उद्या सांगेन, म्हटलं. उद्या, परवा, दिवाळी झाल्यावर... तुम्हाला ठाऊक आहेच, हे असं कसं लांबत जातं.

मग काही वर्षांनी, मुलं लहान असतानाच, माझ्यावर पाळी आली. यजमान कामानं सोनकच्छला निघाले होते. कशावरून तरी भांडण झालेलं. त्यांनी दारातून हाक मारली, मी ओ दिली नाही. परतताना बस उलटली, त्यात ते गेले. मी अन्न सोडलं, बोलणं सोडलं. ती एक हाक — दिवसभर कानात.

ताईआत्या आल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं. "अगं, तो तिच्या मांडीवर आहे. तुझी जागा राखलीय. घाई करू नकोस. मला तिनं स्वतः सांगितलंय."

माझेच शब्द! टवाळीत फेकलेले. मी हसायला हवं होतं, निदान ओरडायला तरी — आत्या, ती मी होते! पण मी रडले, पोटभर रडले, आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. खोटं आहे हे जगात सगळ्यांत जास्त मलाच ठाऊक होतं. तरी मी ते ओंजळ धरून प्यायले.

अखेरच्या दुखण्यात ताईआत्यांनी मला जवळ बोलावलं. "तुझ्याच तोंडून बोलली होती ती. तुला आठवतं का गं काही?"

शेवटची संधी होती. मी म्हटलं, "नाही हो आत्या, काहीच नाही."

"कसं आठवेल?" त्या इतक्या समाधानानं हसल्या. "तू नव्हतीसच ना तिथं."

त्या गेल्या. शालूवन्संही गेल्या. आता हे ठाऊक असलेली मी एकटीच.

ती मांडी आहे, यावर माझा विश्वास आहे — कसा बसला विचारू नका. ताईआत्या तिथंच आहेत, यावर तर शंकाच नाही. पण त्या अष्टमीनंतर मी टेकरीवर गेलेले नाही. पायथ्याशी बसते, सगळ्यांच्या चपला राखते. गुडघे धरतात म्हणून सांगते. परवा नातू म्हणाला, "आजी, अब तो रोपवे आहे ना! गुडघ्यांचं काय काम?" मी म्हटलं, मला त्या पाळण्याची भीती वाटते रे.

भीती वाटत नाही. आणि गुडघे माझे ठणठणीत आहेत.