धुण्याच्या घाटावरचं चित्र
टर्पेंटाइनचा वास आला की पवना नदीचा काठ आठवतो. पिंपरीत कारखान्यात कामाला होतो तेव्हा रविवारी मी तिथं चित्रं काढत बसायचो. एकदा धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "माझं काढा की." मी तिचं चित्र रंगवत असताना तिचा नवरा आला. त्यानं मला खाली पाडलं आणि माझ्या उजव्या हातावर दगड घातला. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यानं पुन्हा दगड उचलला, तोच तिनं त्याच्या मनगटावर धोपाटणं हाणलं. "मीच काढाया लावलं. मारायचं तर मला मार," ती म्हणाली. तो मनगट धरून खाली बसला. तिनं ओलं चित्र उचललं आणि गावादेखत घरी नेलं. उजव्या हातानं मी काढलेला तो शेवटचा चेहरा. आता डाव्यानं रंगवतो.