सहाचा टँकर साडेअकराला

"मॅडम, तुमचं कॅलेंडर खरं की तांबे खरा, एवढं एकच सांगा. दोघं एकदम खरे असू शकत नाहीत."

फोनवर देशमुख सर होते. बीड बायपासजवळच्या एका खासगी हॉस्पिटलचे ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डॉक्टरकी सोडून बाकी सगळं बघणारे. सकाळचे पावणेदहा वाजले होते. औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि ई-मेल सांभाळणं, हा माझा व्यवसाय.

"झालं काय सर?"

"टँकर सहाला यायला हवा. काल साडेअकराला आला. आज अजून पत्ता नाही. सकाळच्या बॅचचे डायलिसिसचे पेशंट बाहेर ताटकळलेत."

मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि स्कूटी काढली.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहर बायपासच्या पलीकडं सरकलं होतं. इमारती झाल्या, दुकानं झाली, पाइपलाइन मात्र मागंच राहिली. बोअर आटले होते. सगळा भाग टँकरवर. डायलिसिसला पाणी भरपूर लागतं, आणि तेही आधी शुद्ध करून घ्यावं लागतं. पेशंटची पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, धाप लागते. दोन-चार तासांचा उशीरसुद्धा त्यांना जड जातो.

आधी टँकरचं काम फोनवर चालायचं. देशमुख सरांनी ते कॅलेंडरवर आणलं. मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडर असतं. त्यात आपण वेळ टाकायची आणि समोरच्याला निमंत्रण पाठवायचं. त्यानं होकार दिला की तीच वेळ त्याच्या मोबाईलमध्ये दिसते. सरांनी वेळ टाकायची, टँकरवाल्या तांब्यांनी 'ॲक्सेप्ट' दाबायचं. ही पद्धत मीच बसवून दिली होती.

हॉस्पिटलमध्ये बाकांवर माणसं बसली होती. एक आजोबा भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून होते, पाय सुजलेले. डायलिसिसच्या निकहत सिस्टर दर पाच मिनिटांनी गेटपर्यंत जाऊन येत होत्या. मला बघून म्हणाल्या, "मॅडम, कुछ करो. आजोबांची बॅच सातची होती."

देशमुख सरांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. "हे बघा. टँकर, सकाळी सहा. स्वच्छ लिहिलंय. त्याचा ॲक्सेप्टही आलाय."

खरंच तसं होतं.

"तो सकाळचं पाणी दुसऱ्याला देतो आणि उरलेल्या वेळात आपल्याकडं येतो," सर म्हणाले. "त्याचं काम बंद करतोय. मेल लिहून ठेवलाय."

साडेअकरा वाजले आणि गेटवर हॉर्न वाजला. टँकर आला होता. मी घड्याळ बघितलं. अगदी ठोक्याला साडेअकरा. आणि मला पहिल्यांदा शंका आली. उशीर करणारा माणूस रोज एकाच मिनिटाला उशीर करत नाही.

तांबे मूळचे पाचोडचे. स्वतःचा टँकर, स्वतःच चालवणार. पाईप जोडून ते ऑफिसात आले तोच सर सुरू झाले.

"काल काय सांगितलं होतं? कॅलेंडर बघत जा म्हटलं होतं ना?"

"व्हय साहेब. म्या कॅलेंडरच बघितलं," तांबे म्हणाले. त्यांनी मोबाईल पुढं धरला. "हे बघा. साडेअकराच हाय. काल बी साडेअकरा, आज बी साडेअकरा. मला वाटलं तुमीच टायम बदलला."

मी मोबाईल हातात घेतला. टँकर, सकाळी साडेअकरा. पाठवणारे, देशमुख सर. तांबे खोटं बोलत नव्हते.

"त्याचा फोनच भंगार आहे," सर म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. तांब्यांच्या मोबाईलमधून मेलचं खातं काढलं, पुन्हा जोडलं, मोबाईल बंद करून चालू केला. साडेअकराच. यात तासभर गेला आणि हाती काही लागलं नाही.

तांब्यांची चुळबुळ सुरू झाली. "मॅडम, भरायच्या ठिकाणी दोनच्या आत उद्याचा नंबर लावावा लागतो. दोन वाजून गेले की उद्या सकाळी पाणी नाय. मंग मला वरडू नका."

एक वाजून गेला होता. मी स्वतःच्या मोबाईलवरून एक खोटी नोंद केली. 'चहा, दुपारी चार.' दोघांनाही निमंत्रण पाठवलं. तांब्यांच्या मोबाईलवर चहा दुपारी चारला आला. मग सरांच्या स्क्रीनवर बघितलं.

चहा, सकाळी साडेदहा.

मी खुर्चीतच ताठ झाले. "सर, मोबाईल नाही. तुमचा पीसी!"

"शक्यच नाही. सोमवारीच नवा घेतलाय."

मी त्यांच्या मेलच्या यादीत गेले. माझं निमंत्रण वरच होतं. मी ते दहा मिनिटांपूर्वी, एक वाजून दहा मिनिटांनी पाठवलं होतं. पीसीवर वेळ दिसत होती, सकाळी सात चाळीस. खालचे कालचे मेल बघितले. हिशेबनीस बाईंचा मेल म्हणे पहाटे पाचला आलेला.

"बाई पहाटे पाचला काम करतात?"

"छे हो. त्या दहाशिवाय उगवत नाहीत."

सगळीकडं फरक एकच. साडेपाच तास. आता मला हसू आवरेना. साडेपाच हा आकडा आमच्या धंद्यात तोंडपाठ असतो. जगाचं एक मूळ घड्याळ धरलेलं आहे आणि आपला देश त्याच्या साडेपाच तास पुढं आहे. कोणत्या भागाची वेळ दाखवायची हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. त्याला टाइम झोन म्हणतात. मी कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं. वेळ बरोबर होती. टाइम झोन मात्र भारताचा नव्हताच, मूळ घड्याळाचा होता. म्हणजे सर सहा लिहीत होते ते तिकडचे सहा. तांब्यांचा मोबाईल त्याचे इमानदारीत इकडचे साडेअकरा करत होता.

"पण मग घड्याळ बरोबर कसं दिसतंय? याला हात कुणी लावला?"

सरांनी चष्मा काढला.

"मीच. पीसी आला तेव्हा साडेपाच तास मागं होता. मी काटा पुढं घेतला."

मी टाइम झोन भारताचा केला, घड्याळ आपोआप जुळेल असं ठेवलं. त्याबरोबर सरांच्या स्क्रीनवरचा सहाचा टँकर उडी मारून साडेअकराला गेला.

"अहो, हे बिघडलं!"

"नाही सर. तांब्यांना दोन दिवस जे दिसत होतं, ते आता तुम्हाला दिसतंय."

जुन्या नोंदी पुसल्या, नव्या टाकल्या, पाठवल्या. आम्ही तिघं तांब्यांच्या मोबाईलकडं डोळे लावून उभे राहिलो. तो थरथरला.

"सहा!" तांबे ओरडले. "सहा दावतंय! लई भारी मॅडम!" आणि तिथल्या तिथं भरायच्या ठिकाणी फोन लावला. दोनला दहा कमी होते. "भेटला! पाचचा नंबर भेटला!"

देशमुख सर टेबलाच्या अलीकडं आले. "तांबे, माझं चुकलं. नको ते बोललो."

"असू द्या साहेब. पन कॅलेंडर बघून झालं, की एक फोन बी करत जा."

सरांनी लिहून ठेवलेला मेल माझ्यासमोर पुसला.

दुसऱ्या दिवशी माझं तिथं काही काम नव्हतं. तरी पावणेसहाला मी गेटवर होते. टँकर आधीच आलेला, पाईप जोडलेला, खालच्या टाकीत पाणी धो धो पडत होतं. सातला निकहत सिस्टर बाहेर आल्या. "शुक्र है मॅडम, सातची बॅच सातला लागली." सुजलेल्या पायांचे आजोबा त्या दिवशी घरी होते. त्यांची आदल्या दिवशीची पाळी दुपारी का होईना, पूर्ण झाली होती.

पुढच्या आठवड्यात गेले तर सरांच्या मॉनिटरवर कागद चिकटवलेला होता: 'घड्याळास कोणीही हात लावू नये. हुकमावरून, ॲडमिनिस्ट्रेटर.' सरांना सोडून त्या पीसीला दुसरं कुणी हात लावतच नव्हतं, हे मी बोलले नाही.

तेव्हापासून कॅलेंडर बिघडल्याचा फोन आला की मी आधी टाइम झोन बघते. आणि ज्याच्यावर सगळे ओरडत असतात, त्याचा मोबाईल सगळ्यांत शेवटी उघडते.