नीरेचं मडकं आणि परराज्यातला मामा

एके सकाळी आम्ही उठलो तेव्हा आमचा गुणवंतमामा परराज्यात गेला होता. तो जागचा हललाही नव्हता. राज्यांची नवी वाटणी झाली. आमचं तळेगाव मुंबई राज्यात आलं आणि त्याचं पांढुर्ण्याकडचं गाव मध्य प्रदेशात राहिलं. (खरं म्हणजे राज्य बदललं आमचं. पण आईला ते कबूल नाही. तिच्या मते तिचा भाऊ रागावून गेला.)

रागावण्याचं कारणही होतं. माझे वडील शाळामास्तर, खादीधारी आणि दारूबंदीचे कडवे प्रचारक. मामा मात्र संध्याकाळी थोडी घ्यायचा. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत बाबांना त्याच्या फडताळात बाटली सापडली. बाबांनी एका हातानं नाक धरलं आणि दुसऱ्या हातानं ती बाटली सगळ्यांसमोर गाईच्या टाक्यात ओतली. मामा म्हणाला, "भाऊजी, आता मी तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाई." (गाय दोन दिवस विलक्षण आनंदात होती, असं मामी सांगते.)

आणि आता ताईचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

"मामाशिवाय पोरीले बोहल्यावर नेईन कोण?" आई म्हणाली. "लग्न थांबवा, नाईतर माह्या भावाले आणा. चिठ्ठी नोका पाठवू. तुमी सोता अक्षत घेऊन जा."

बाबा कबूल झाले. पण अक्षतेबरोबर त्यांनी नीरा न्यायचं ठरवलं! गावाबाहेर शिंदीच्या बनात नीरेचं केंद्र होतं. पहाटे झाडावरून उतरवलेली ताजी, गोड नीरा प्यायली की माणूस दारूला शिवणार नाही, असा बाबांचा सिद्धांत. मामाला एक पेला पाजायचा, की भांडण मिटलं, व्यसनही सुटलं आणि अक्षतही दिली! त्या बाजूला धड मोटार जात नव्हती, म्हणून चाळीस मैल सायकलनं जायचं.

"कुसुम, तू बाबांसंग जाजो," आई मला म्हणाली. "त्याईनं मामापुढं भाषण सुरू केलं का तू खोकजो."

मी नागपूरला आत्याकडे राहून कॉन्व्हेंटात शिकलेली. तिथं मी सायकल शिकले, स्वच्छता शिकले आणि गप्प बसायला शिकले. या तिन्ही विद्या त्या प्रवासात कामी आल्या. त्यातली स्वच्छता तर आदल्या संध्याकाळीच कामी आली. बाबांनी केंद्रावरून आणून ठेवलेलं मडकं मी पाहिलं आणि शहारले. आतून सगळं पांढरं, खरबरीत, पोपडे धरलेलं! माणसं यातून पितात? मी राख घेतली, काथ्या घेतला, गरम पाणी घेतलं आणि ते मडकं असं घासलं की आमच्या मदर सुपीरियरनीसुद्धा त्यात पाणी प्यायलं असतं. कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम गुपचूप करावं.

पहाटे अंधारातच केंद्रावरच्या माणसानं ते भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि 'नीरा, एक मडकं' अशी चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. ओल्या पोत्यात गुंडाळून मडकं बाबांच्या कॅरिअरवर चढलं. मागून मी, लेडीज सायकलवर. रस्ता निवांत होता. कापसाच्या दोन-चार गाड्या, संत्र्यांच्या बागा, आणि सायकलवर बसलेली मुलगी पाहून उभ्याउभ्या दात घासणं विसरणारी माणसं. मी मान खाली घालून पायडल मारत होते. फार छान वाटत होतं.

आष्टीला चहासाठी थांबलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, "गुरुजी, नीरा उन्हात नेऊन राह्यले? दुपारलोक शिंदी होऊन जाईन नं तिची! चढन कोनाले तरी!"

बाबा हसले. "अहो, हे केंद्राचं मडकं आहे! आतून चांगला जाड चुना फासलेला असतो. चुना असला की नीरा आंबत नाही. चुना आहे म्हणून तर सगळं आहे!"

कालचे पांढरे पोपडे आठवून मी बशी खाली ठेवली.

आता कुणीही शहाण्या मुलीनं तिथल्या तिथं खरं सांगितलं असतं. मीही सांगणारच होते. मैलभर धीर गोळा केला आणि म्हणाले, "बाबा..."

"काय गं?"

"काही नाही. तुमच्या मागच्या चाकात हवा कमी वाटते."

बाबा उतरले. पंप काढला, हवा भरली. निघालो. दोन मैलांवर मी पुन्हा धीर केला.

"बाबा..."

"काय?"

"हवा..."

"आत्ताच तर भरली!" पण मास्तर माणूस, मुलगी शिकलेली. पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी मात्र मी सगळं वाक्य मनात जुळवलं, खोल श्वास घेतला आणि तोंडून पुन्हा हवाच आली. बाबांनी दात-ओठ खाऊन पंप मारला आणि ते चाक, ज्यात पहाटेपासून हवेची काडीइतकीही कमतरता नव्हती, बंदूक उडावी तसं फुटलं.

पंक्चर काढायला दोन तास गेले. सावली नावालाही नव्हती. सूर्य डोक्यावर, पोतं वाळून कडक, आणि मडक्यातून बारीक आवाज यायला लागला. फस्. फस्. फस्.

"बाबा, ते बोलतंय."

"ताजेपणा आहे तो!"

पुढं फडक्यातून फेस आला. मग माश्या आल्या. मग मधमाश्या आल्या. बाबा खूष होऊन म्हणाले, "बघ कुसुम, मुका जीव! पण गोड काय, शुद्ध काय, त्याला बरोबर कळतं!" वास तर असा सुटला होता की शेतातून जाणारा एक म्हातारा वळून काही अंतर आमच्या मागं चालत आला. पण बाबांनी आयुष्यात दारूचा वास घेतलेला नव्हता. एकदा संधी आली होती, तेव्हा त्यांनी नाक धरलं होतं.

उन्हं कलताना आम्ही सीमेवर पोचलो. आडवा बांबू, एक झोपडी, झोपडीला बांधलेली बकरी आणि बाजेवर दारूबंदी खात्याचा एक जमादार. आम्हाला पाहून त्यानं बांबू उचलला, कारण खादीवाल्याला कोण अडवणार? आम्ही निघणार, तोच मडक्याचं फडकं 'फट्ट' करून उडालं आणि फेसाचा एक लोट जमादाराच्या मिशीवर आला.

त्यानं जिभेनं मिशी चाखली. बांबू खाली आला.

"हे काय होय, गुरुजी?"

"नीरा! ही बघा चिठ्ठी."

"चिठ्ठीत नीरा हाय. मडक्यात शिंदी हाय." जमादार चक्रावून आमच्याकडे बघत राहिला. "वीस वर्सं झाली नोकरीले. तिकडं बंदी नाई, लोकं तिकून इकडं आनतेत. इकून तिकडं नेनारा तुमीच पयले! तिकडं काय कमी हाय?"

"शक्य नाही!" बाबा गरजले. "जमादारसाहेब, मद्यपान हा समाजाला लागलेला..."

मी खोकले.

"...कलंक आहे, आणि मी स्वतः..."

मी पुन्हा खोकले.

"पोरीले पाजली का काय थोडी?" जमादारानं विचारलं.

आता पंचनामा होणार, पंच हवेत. जमादारानं पलीकडच्या गावात कुणाला तरी बोलावणं धाडलं आणि ज्याच्यासाठी आम्ही चाळीस मैल आलो होतो, तोच गुणवंतमामा धोतर सावरत आला. बाबांना पाहून तो थबकला. मडक्याकडे पाहिलं. बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटले.

"भाऊजी, शिंदी हाय."

"नीरा आहे!"

"भाऊजी, या विषयात मी तुमच्यापेक्षा जास्त शिकेल हावो."

 बाबा मैलाच्या दगडावर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पंधरा वर्षं गावोगाव भाषणं दिलेला माणूस आता दारूच्या मडक्यासह पकडला गेला होता. आठ दिवसांवर मुलीचं लग्न, आणि मामासमोर ही शोभा! इतके लहान दिसलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते.

मी खोकले. भाषण कुणीच करत नव्हतं. घसा मोकळा करत होते. आणि घाबरल्यावर माझी मराठी पळते, त्यामुळे ओरडले ते इंग्रजीत: "इट वॉज मी, सर!"

जमादार खाडकन सावधान झाला.

मग मराठीत सगळं सांगितलं. चुना, राख, काथ्या, हवा. हवेपाशी आल्यावर बाबांनी मान वर केली. "म्हणजे चाकात हवा होती?"

"भरपूर होती, बाबा."

मामा आधी मिशीत हसला, मग मोठ्यानं. हसता हसता बाजेवर बसला आणि बाज करकरली. जमादारही हसायला लागला. शेवटी डोळे पुसत मामा उठला, मडकं उचललं आणि बाबांसमोर येऊन उभा राहिला. त्यानं डाव्या हातानं नाक धरलं, बाबांनी धरलं होतं तसंच, आणि सगळं मडकं बकरीच्या घमेल्यात ओतलं.

"भाऊजी, आता फिट्टंफाट."

"पुरावाच राह्यला नाई," जमादार म्हणाला. "लिहू काय? जा, घेऊन जा पाव्हन्याले."

बाबांनी टोपी घातली, खिशातली अक्षत काढली आणि मामाच्या ओंजळीत ठेवली. एक शब्दही न बोलता. (मला खोकावंच लागलं नाही.)

मामा लग्नाला आला. त्यानं ताईला हाताला धरून बोहल्यावर आणलं आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मडक्याची गोष्ट सांगितली, बाबांसमोर, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून. जाताना मला जवळ बोलावून म्हणाला, "पोरी, दुसऱ्याचं भांडं घासाच्या आधी इचारत जाजो."

तो उपदेश मी तंतोतंत पाळते. विचारल्याशिवाय एकही भांडं घासत नाही. आणि मी मुळातच लाजाळू. माझ्याच्यानं विचारवतही नाही.