डनेट हेडचा बंद रस्ता

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात त्याची खरी किंमत ठरवणारा एक क्षण येतो. माझा आला तेव्हा मी रिव्हर्स गिअरमध्ये होतो.

हे मी आजवर कोणाला बोललो नाही — बायकोला, अनघालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

माझे सासरे, अप्पा, सांगलीहून आमच्याकडे लेस्टरला आले होते. छोटी मोटरहोम — म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी — भाड्याने घेऊन स्कॉटलंड फिरायची कल्पना माझी. निघण्याआधी लेस्टरच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यावर भाषणही ठोकलं होतं — मोकळा रस्ता, स्वातंत्र्य वगैरे. स्वातंत्र्य म्हणजे टॉयलेटची टाकी रोज स्वतः रिकामी करणं, हे भाषणात नव्हतं.

अप्पांनी एकच गोष्ट मागितली — डनेट हेड. ते निवृत्त भूगोल शिक्षक. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक म्हणजे जॉन ओ'ग्रोट्स, असं सगळ्यांना वाटतं. ते चूक आहे. खरं टोक डनेट हेड. चाचणीत जॉन ओ'ग्रोट्स लिहिणाऱ्याचा ते अर्धा मार्क कापायचे. जन्मभर फळ्यावर काढलेल्या त्या टोकावर त्यांना एकदा उभं राहायचं होतं. फार होतं का हे?

डनेटला पोहोचायच्या आदल्या दिवशी, जेमतेम एक गाडी मावेल अशा रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला होता. अशा रस्त्यांवर कोणीतरी मागे जायचं असतं, आणि ते कोणीतरी मी होतो. अनघा मागून 'ये, ये, ये' ओरडत होती. अप्पा खाली उतरून एसटीच्या कंडक्टरसारखे पत्र्यावर थाप मारत होते — दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. मला एकही कळत नव्हती. मागचं चाक चिखलात गेलं. ट्रॅक्टरवाला इतका सभ्यपणे वाट पाहत होता की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. 'अप्पा, तुम्ही आत बसा,' मी खेकसलो. ते बसले.

दुसऱ्या दिवशी डनेट गावात फाटा आला. पुढे तसाच रस्ता — अरुंद, समोरच्याला वाट द्यायला मध्येमध्ये जरा रुंद केलेला. मी गाडी उभी केली, दुकानातून दूध आणलं, आणि म्हणालो की पुढे रस्ता बंद आहे, काम चालू आहे.

मी दुकानात कोणाला काही विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याच वेळी त्या रस्त्यावरून एक मोटरहोम खाली आली — आमच्याहून लांब. अनघा मागे चहा टाकत होती. तिला दिसली नाही. अप्पा माझ्या शेजारी होते. त्यांनी ती वळणाआड जाईपर्यंत पाहिली.

'बोर्ड तर कुठे दिसत नाहीये,' अनघा मागून म्हणाली.

'संजयराव म्हणतायत म्हणजे बंदच असणार,' अप्पा म्हणाले.

जावयाला खोटं पाडायचं नसतं, ही त्यांची रीत. ती मला माहीत नव्हती असं कसं म्हणू? मी तिच्याच भरवशावर बोललो होतो.

मग मी त्यांना कुठे नेलं? जॉन ओ'ग्रोट्सला. तिथल्या पाटीखाली उभं करून फोटो काढला. ते हसले, कारण मी हसा म्हणालो. अनघाने तो त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला — 'अप्पा ब्रिटनच्या उत्तर टोकावर'. तासाभरात एकाने लिहिलं, 'सर, हे टोक नव्हे. तुम्हीच आमचा अर्धा मार्क कापायचात.'

अनघाने हसत मला अप्पांचं उत्तर वाचून दाखवलं: 'बरोबर आहे तुझं. माझी चूक झाली.'

रस्ता बंद होता, एवढंही त्यांनी लिहिलं नाही. ते खोटं झालं असतं.

अप्पा मागच्या वर्षी गेले. त्यानंतर मी एकदा सॅटेलाइट नकाशावर डनेट हेड पाहिलं. वर मोठं पार्किंग आहे. मोटरहोम एका दमात वळते.