पोस्टरवरचा नंबर

माझी ताई चोरांच्या घरात डोकावते आणि त्याचा तिला पगार मिळतो. मी कुलपं दुरुस्त करतो. आई म्हणायची, माझी दोन्ही लेकरं चोरांच्याच जिवावर पोट भरतात.

ताई आधी वीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं करायची. आता सायबर सुरक्षेच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या संगणकांत घुसणाऱ्या टोळ्यांची करते. कोणती टोळी कुठला संगणक भाड्याने घेते, चोरलेला माल डार्क वेबवरच्या कोणत्या बाजारात मांडते, हल्ला कोणत्या वारी करते, सगळं बारीक अक्षरात लिहून खोक्यात. ऑफिसातले लोक हसतात, आणि घोडं अडलं की त्याच खोक्याशी येऊन उभे राहतात. हे पुरावे कोर्टात लागतात म्हणून तिच्या खोलीला वेगळं कुलूप आहे. ते मीच बसवलंय. किल्ली एकच, ती ताईच्या पर्समध्ये.

आठ महिने ती एका टोळीच्या मागे होती. तिने त्यांचं नाव ठेवलं होतं शुक्रवारवाले. शुक्रवारी दुपारी चारला, लोक घड्याळाकडे बघायला लागले की हे कुणाचे तरी सगळे संगणक एका झटक्यात बंद करायचे आणि उघडून देण्यासाठी खंडणी मागायचे. आठ महिन्यांत ताईला दरवेळी घटना घडून गेल्यावरच कळलं होतं. मग काय, पंचनामा करत बसायचं.

त्या शुक्रवारी बाराच्या सुमारास तिला त्यांचा साठवणीचा संगणक उघडा सापडला. पासवर्डच नाही. जगाची दारं फोडणारे शहाणे स्वतःच्या दाराला कडी घालायला विसरले होते. आत प्रत्येक सावजाचं एक फोल्डर, आणि एक यादी: नाव, वार, वेळ. आजच्या तारखेसमोर आमच्याच शहरातलं कॅन्सरचं हॉस्पिटल होतं. वेळ चार. ताईने त्यांचं फोल्डर उघडलं, तर हॉस्पिटलातून चोरलेली पहिलीच फाइल निघाली ती तिचं स्वतःचं पोस्टर.

हे पोस्टर तिने दोन वर्षांपूर्वी केलं होतं. शाळा, बँका, दवाखाने, सगळीकडे लागलंय. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'तुमच्या संगणकाला धोका आहे असं सांगणारा अनोळखी फोन आला, तर फोन ठेवा.'

हॉस्पिटलने फोन ठेवला. तीनदा. तिसऱ्यांदा तिथली फोनवरची बाई म्हणाली, "पुन्हा केलात तर पोलिसांत देईन." पोलीस म्हणाले, तक्रार हॉस्पिटलनेच करायला हवी. ताईचे साहेब म्हणाले, आपण ईमेलने लेखी कळवलंय, आपली जबाबदारी संपली. ते ईमेल कचऱ्याच्या डब्यात पडलं होतं हे नंतर कळलं. दीड वाजता ताईने मला फोन केला. "भाऊ, दुकान बंद कर आणि गाडी काढ."

वाटेत तिने मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "अगं, समोर जाऊन सांगितल्यावर कोण ऐकणार नाही?" ती पर्सचा पट्टा मुठीत धरून बसली होती.

हॉस्पिटलात संगणक सांभाळणारा एक माणूस आहे, चाळिशीचा, शर्टाच्या खिशात चार पेनं. सज्जन माणूस, हे आज म्हणतो. त्या दिवशी त्याचा गळा धरावासा वाटत होता. ताईने ओळखपत्र दाखवलं. त्याने मागच्या भिंतीवरच्या पोस्टरवर बोट ठेवलं. दुसरी ओळ: ओळखपत्र कुणीही छापू शकतं.

"ते पोस्टर मीच लिहिलंय," ताई म्हणाली.

"असं कुणीही म्हणेल, मॅडम."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "अहो, दोन तास उरलेत, तुम्हाला कळतंय का?" त्याने बोट खाली सरकवलं. तिसरी ओळ: समोरचा घाई करत असेल, आवाज चढवत असेल, तर समजा फसवणूक आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या रागाची लाज वाटली. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी खात्री करतो," तो म्हणाला आणि चौथ्या ओळीप्रमाणे पोस्टरवर छापलेला नंबर फिरवला. समोरच्याने दिलेल्या नंबरावर नाही, छापलेल्याच नंबरावर. घंटा वाजत राहिली. त्याने पुन्हा फिरवला. ताईने डोळे मिटले.

"तो माझ्याच टेबलावरचा फोन आहे," ती हळूच म्हणाली. "मी इथे आहे."

आता बोला. खोलीला कुलूप, किल्ली पर्समध्ये, आणि कुलूप मी बसवलेलं, म्हणजे कुणाच्या बापाला उघडणार नाही. दुसऱ्या कुणाच्या नंबरावर बोला म्हटलं तर तो मान हलवायचा. बरोबरच होतं त्याचं, तिनेच शिकवलं होतं. पावणेतीन झाले. ताई उठली. "भाऊ, तू इथेच बस. हे दर पाच मिनिटांनी फोन करतील एवढं बघ. आवाज चढवू नकोस." आणि टॅक्सी पकडून ती गेली, स्वतःच्या खुर्चीत बसून स्वतःचाच फोन उचलायला.

मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. म्हाताऱ्यांच्या मानेवर शाईने खुणा केल्या होत्या. तेहतीस वेळा रेडिएशन घ्यायचं होतं, एकोणीस झाले होते. कोणाला किती, कुठे, कसं द्यायचं ते तळघरातल्या मशीनच्या संगणकात असतं, असं तिने सांगितलं. मध्ये खंड पडलेला चालत नाही. आज मशीनची दुरुस्ती होती म्हणून त्यांचा नंबर साडेचारचा लागला होता. मी काय करतो ते तिने विचारलं. घरातलं कपाट उघडत नाही म्हणाली, म्हणून मी तिला माझं कार्ड दिलं. दुसरं काय देणार होतो? समोर तेच पोस्टर होतं. वेळ जात नव्हता म्हणून ती ते मोठ्याने वाचत होती, वडिलांना समजावून सांगत होती. "बघा बाबा, असे फोन आले की ठेवून द्यायचे."

मी दर पाच मिनिटांनी आत डोकावून म्हणायचो, "साहेब, लावता का?" तोंडात साखर घोळवून. साहेब लावायचे. घंटा वाजायची. पुलाचं काम चालू होतं आणि ताईची टॅक्सी त्या गर्दीत अडकली होती. तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी फोन उचलला गेला.

साहेब ऐकत होते. ताईने तेच सांगितलं, जे दीड तासापूर्वी त्याच खोलीत त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. एकही शब्द जास्त नाही. या वेळी त्यांचा चेहरा पांढरा पडला. फोन तसाच टाकून ते धावले आणि वायरी उपसायला लागले. आधी वॉर्ड, मग शस्त्रक्रियेची खोली, मग रक्तपेढी. सगळं वाचलं. तळघर शेवटी राहिलं होतं. ते जिन्यात असतानाच चार वाजले. खाली पोचले तेव्हा मशीनच्या पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली होती.

मुलगी वडिलांचा हात धरून निघाली. काउंटरवर तिला सांगितलं, मशीन सुरू झालं की आम्ही फोन करू, तोवर येऊ नका.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलचं आभाराचं पत्र आलं. आपल्या पोस्टरमुळे आमचे कर्मचारी सतर्क राहिले, असं त्यात होतं. ताईच्या साहेबांनी ते चौकटीत लावलं. ताईने पोस्टरचा मसुदा काढला आणि दोन दिवस पेन हातात घेऊन बसली. कुठली ओळ खोडणार? एक ओळ सैल केली की त्यातून चोर आत येणार. शेवटी तिने फक्त नंबर बदलला, जिथे सतत दोन माणसं असतात असा घातला. आणि तरीसुद्धा आता डबा खायला ती खुर्चीतून उठत नाही. मी ओरडतो. ती म्हणते, "जुनी पोस्टरं अजून भिंतींवर आहेत रे."

ते पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक फोन आला. तीच मुलगी. मला वाटलं कपाटाचं असेल.

"काका, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तीन दिवस झाले, एका अनोळखी नंबरावरून सारखे फोन येताहेत. हॉस्पिटलमधून बोलतोय म्हणतात, उशीर करू नका, लगेच या म्हणतात. फार घाई करतात. आधीच्या नंबरावर लावून बघितलं, तो बंदच आहे. मी दरवेळी ठेवून देते. बरोबर केलं ना?"

हॉस्पिटलचे सगळे जुने फोन त्या संगणकांना जोडलेले होते. ते बंद ठेवले होते म्हणून तिथले लोक दुसऱ्या नंबरांवरून फोन लावत होते. मशीन सुरू होऊन तीन दिवस झाले होते.

मी दुकान उघडं टाकून गाडी काढली आणि दोघांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी तारखा मोजल्या, म्हाताऱ्यांच्या मानेवरच्या पुसट झालेल्या खुणा बघितल्या आणि म्हणाले, बघू.

ताई अधूनमधून विचारते, "त्या मुलीच्या वडिलांचं सुरू झालं ना रे?" मी म्हणतो, झालं. त्या फोनांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.