बद्द वाजलेला दगड

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. सांगूनच टाकते.

आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे. त्याची दुरुस्ती ठरलीय आणि खराब दगडांची यादी करायचं काम माझ्याकडे आलंय. हातोडीने हलकेच ठोकायचं. दगड खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आतून सुटलेला. हे मला शाळेत जायच्या आधीच बाबांनी शिकवलं. ते गवंडी.

आज बाबा देवळामागच्या कट्ट्यावर चहा पीत बसले होते. मागच्या भिंतीतला एक दगड बद्द वाजला. बोट लावताच त्याचा पापुद्रा निघाला. भोवतीच्या सांध्यांत सिमेंट होतं, माझ्या लहानपणी बाबांनीच भरलेलं. सांध्यांत चुना असला की भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ती दगडालाच खाते.

मी काही न लिहिता पुढच्या दगडाकडे सरकले.

"पोरी, मागचा पुन्ना वाजीव की," बाबा म्हणाले. "बद्द हाय न्हवं? त्यो माझाच हाय."

"बाबा, तेव्हा सगळेच सिमेंट भरायचे."

"व्हय की. आन् मी मिशीला पीळ दिऊन भरत हुतो! लिही तू. चुना मळायला मी हाय."

मी लिहिलं. सिमेंट कुणी भरलं, तेही त्यांनी लिहायला लावलं.

मी तो दगड सोडून पुढे गेले होते, हे मात्र ते कुणाजवळच बोलले नाहीत. म्हणून इथे मीच सांगतेय.

तुम्ही असतात, तर लगेच लिहिलं असतंत का?